माझा लाल दिवा आणि आत्याबाईंचं विमान

आमच्या गाडीत पेट्रोल कधीच नसतं, असा आमच्या उस्मानपुऱ्यातल्या गल्लीत एक समज होता आणि तो मी मोठ्या मेहनतीनं पसरवलेला होता.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. स्वभावानं आधीपासूनच काळजीखोर (घराला कुलूप लावायचं, ओढून बघायचं, जिना उतरायचा आणि परत वर येऊन ओढून बघायचं, या पंथातला). त्यात पेट्रोलचे भाव चढायला लागले आणि माझं उरलंसुरलं स्वास्थ्य गेलं. सकाळी डोळे उघडले की लोक देवाच्या तसबिरीकडे बघतात, मी मोबाइलवर पेट्रोलचा भाव बघायचो. भाव वाढलेला दिसला की पोटात गोळा यायचा. वाढलेला नसला की आणखी मोठा गोळा यायचा, कारण मग तो उद्या नक्की वाढणार!

मी उपाय सुरू केले. पहिल्यांदा एसी बंद. मग काचाही बंद, कारण उघड्या काचेतून वारा आत शिरला की गाडीला अडथळा होतो आणि पेट्रोल जास्त जळतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात एसीही नाही आणि वाराही नाही, अशा गाडीतून माझी बायको संगीता माहेरी जाऊन आली तेव्हा तिच्या आईनं तिला आधी ताक दिलं आणि मग ओळखलं. त्यानंतर मी खालच्या मजल्यावरच्या पठाणभाईंना गाडीत घ्यायला लागलो. ते चिकलठाण्याच्या एका कंपनीत आहेत, माझी शाळाही त्याच बाजूला. एक दिवस पेट्रोल माझं, एक दिवस त्यांचं. (त्यांच्या दिवशी मी काचा उघडायचो.)

आणि उतार! जालना रोडवर एकामागून एक उड्डाणपूल आहेत. सरकारनं ते वाहतुकीसाठी बांधले असतील, मला ते उतारासाठी बांधल्यासारखे वाटायचे. पुलाचा माथा आला की मी इंजिन बंद करायचो आणि गाडी न्यूट्रलमध्ये सोडून द्यायचो. पंख्याची घरघर थांबायची, गाडीत देवळासारखी शांतता पसरायची आणि मी मुलांना शिकवतो तसं जडत्व समजावून सांगायचो. इंजिन बंद असलं की ब्रेक दगडासारखा घट्ट होतो, एवढा एक बारकावा मी सांगत नसे.

माझे वडील, म्हणजे अण्णा, जन्मभर एसटीचे ड्रायव्हर होते. ते मागच्या सीटवरून म्हणायचे, "सुध्या, म्या घाटात पन इंजन बंद केलं नाय कधी. मागं पाशिंजर असतेत. तू सोताच्या बायकोला घेऊन करायलास!"

पण माझं खरं संशोधन वेगळंच होतं. आमच्या गल्लीत गाडी मागून न्यायची पद्धत आहे. कुणाला दवाखाना, कुणाला साखरपुडा. गाडीला नाही म्हणायचं नसतं आणि नेणाऱ्यानं जेवढं जाळलं तेवढं पेट्रोल भरून गाडी आणून लावायची असते. हे सगळं अंदाजानं चालायचं. भाव वाढले तसा लोकांचा अंदाज बिघडायला लागला आणि तो नेहमी एकाच बाजूला बिघडायचा. म्हणून एके दिवशी मी गॅरेजमध्ये गेलो आणि मेकॅनिकला म्हणालो, "पेट्रोलच्या काट्याची वायर काढून टाक."

"काटा बिघडलाय का सर?"

"नाही, चांगलाय. म्हणूनच काढ."

त्या दिवसापासून काटा तळाला आणि शेजारचा लाल दिवा चोवीस तास पेटलेला! जो कुणी गाडी न्यायचा, तो चावी फिरवताच दचकायचा आणि आधी पंप गाठायचा. मी घरातही कुणाला काही बोललो नाही. गाडी परत आली की मी खाली जाऊन तिला कमरेनं हलवायचो आणि मागच्या बाजूला कान लावायचो. आत डचमळलं की जिवाला बरं वाटायचं. गल्लीत सगळ्यांना वाटायचं मास्तर कंबरदुखीचा व्यायाम करतात.

असं सगळं सुखात चाललेलं असताना बंगळूरहून फोन आला. संगीताच्या भावाला, दिनेशला, मुलगी झाली होती. लग्नानंतर किती वर्षं गेली, किती दवाखाने झाले, किती नवस झाले, त्याचं आम्ही बोलणंसुद्धा सोडून दिलं होतं. फोन ठेवल्यावर संगीता स्वयंपाकघरात ओट्याला टेकून रडत होती आणि त्याच वेळी पोळी जळू नये म्हणून उलटतही होती. बारशाला पाळण्यातल्या बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, आणि दिनेशला बहीण ही एकच. त्यानंच विमानाचं तिकीट काढून पाठवलं. बारसं दुसऱ्या दिवशी सकाळी, त्यामुळे दुपारचं ते एक विमान चुकलं की संपलंच.

"नाव काय ठरवलंय?" मी विचारलं.

"ते बाळाच्या कानात सांगायचं असतं, तुमच्या नाही."

निघायच्या दिवशी तिनं सकाळपासून दोनदा विचारलं, "अहो, रिक्षा सांगू का?"

"घरची गाडी असताना रिक्षा?" मी दुखावल्या आवाजात म्हणालो. परवाच मी गाडी हलवून बघितली होती, आत चांगलं डचमळत होतं. त्या दिवशी तेवढं हलवायचं राहिलं, कारण इस्त्रीचा शर्ट घातला होता.

पठाणभाई दुपारच्या पाळीला निघालेच होते, ते पुढं बसले. मागं संगीता आणि अण्णा. तिच्या मांडीवर पिशवी, पिशवीत बाळाचं झबलं, टोपडं आणि चांदीचे वाळे. क्रांती चौकातून जालना रोडला लागलो. संगीतानं पुढं वाकून काट्याकडे बघितलं.

"अहो, दिवा लाल आहे!"

"असू दे."

"पेट्रोल संपलंय!"

"नाही संपलेलं. तू माझ्यावर विश्वास ठेव."

हे वाक्य मी बोलायला नको होतं, असं मला आता वाटतं.

सिडकोचा पूल चढायला लागलो आणि अर्ध्या चढावर गाडीत ती ओळखीची शांतता पसरली.

"झालं!" संगीता कडाडली. "आज तरी बंद करू नका हो!"

"मी नाही केली बंद!"

"दर पुलावर करता आणि म्हणे मी नाही केली!"

"अगं, मी उतारावर करतो, हा चढ आहे!"

"मंग आज चढावर करून बघायला असंल," अण्णा म्हणाले.

मी सेल्फ मारला. इंजिन नुसतं खोकलं. परत मारला, पुन्हा खोकलं. मागं हॉर्नचा गदारोळ सुरू झाला. घामानं शर्टाची इस्त्री गेली. मी ब्रेकवर उभा राहिल्यासारखा बसलो होतो, कारण गाडी आता मागं घसरायला बघत होती.

पठाणभाई शांतपणे म्हणाले, "मास्तर, पेट्रोल खतम हुआ. लाल दिवा है ना."

"पेट्रोल नाही, दुसरं काहीतरी आहे! बॅटरी असेल, कचरा आला असेल."

"अरे पण दिवा..."

"दिव्याचं सोडा हो!"

"कायकू सोडना? दिवा लालेलाल है!"

"अहो, दिवा खोटा आहे!" मी ओरडलो. "वायर मीच काढून ठेवलीय! दिवा कायम लालच असतो, टाकी भरलेली असली तरी! लोकांनी घाबरून पेट्रोल भरावं म्हणून!"

गाडीत शांतता पसरली. या वेळी तिचा आणि इंजिनाचा काही संबंध नव्हता.

पठाणभाई माझ्याकडे वळून बघायला लागले. "मतलब मैं खाला को दवाखाने में लेके गया, तवा..."

"हं."

"आणि लडकी के साखरपुडे को? जाते वखत भी भरा, आते वखत भी भरा!"

"ते जरा जास्तच झालं होतं," मी पुटपुटलो. "दोन दिवस काठोकाठ होती."

संगीतानं फक्त पिशवी छातीशी धरली, आणि ते मला सगळ्यात जास्त लागलं. मी धीर करून म्हणालो, "पण म्हणजे बघा, टाकीत पेट्रोल असणारच! परवाच मी तपासलंय."

मागून अण्णांचा आवाज आला. "काल म्या नेली व्हती."

"कुठं?"

"खुलताबादला. भद्रा मारुतीला. आमची जुनी मंडळी व्हती संगं. मंग म्हैसमाळ पन करून आलो. तवर गेलोच हाय तर."

"अण्णा! मग पेट्रोल नाही भरलं?"

"कशाला? दिवा खोटा हाय ते मला पयल्या दिवशीच कळलं की. जन्म गेला माझा ष्टेरिंगवर. म्हनलं, पोरगं दिवा लाल ठिवतंय म्हंजी आत लई पेट्रोल दडवलं असंल."

मी कपाळावर हात मारला. त्या नादात पाय ब्रेकवरून थोडा सैल झाला आणि गाडी हातभर मागं गेली. मागचा टेम्पोवाला असं काही बोलला की ते मी इथं लिहू शकत नाही.

पठाणभाई दार उघडून खाली उतरले. मला वाटलं, चालले! माणूस रागावून निघून गेला असता तरी त्याला कुणी नाव ठेवलं नसतं. पण ते गाडीच्या मागं गेले, बाह्या सरसावल्या आणि म्हणाले, "उतरो मास्तर, धक्का मारो. पयले भाभी का जहाज, बाद में तुमारा हिसाब!"

अण्णांनी स्टेअरिंग घेतलं. मी आणि पठाणभाई मागून ढकलायला लागलो. मोटरसायकलवरच्या दोन कॉलेजच्या मुलांनी बंपरला पाय लावला, शिव्या देणारा टेम्पोवालाही उतरून आला. उन्हानं डांबर चिकट झालं होतं. इंचाइंचानं गाडी वर चालली होती आणि माझ्या डोळ्यांपुढं बंगळूरचा तो पाळणा होता, भोवती सगळ्या बायका आणि कानापाशी कुणीच नाही. अहो, शाळेत इतकी वर्षं गुरुत्वाकर्षण शिकवलं, पण त्याचं वजन त्या दिवशी कळलं.

माथा आला. गाडी हलकी झाली. "चला, बसा!" मी म्हणेपर्यंत ती निघालीसुद्धा! अण्णा आणि संगीता उताराला लागले आणि आम्ही ढकलणारे मागं राहिलो. मी दार धरायला धावलो, तर दार पुढं निघून गेलं.

"अण्णा, थांबवा!"

"ब्रेक लागंना!" खिडकीतून आवाज आला. (तोच तो न सांगितलेला बारकावा!)

मी आणि पठाणभाई पुलाच्या उतारावरून धावत सुटलो. माझी एक चप्पल तुटली, पठाणभाईंचा डबा त्यांच्या खांद्यावरच्या पिशवीत वाजत होता. उतार संपल्यावर पुढं थोड्या अंतरावर डावीकडं पंप आहे. नेमकं त्या दिवशी शहरभर पसरलं होतं की उद्यापासून भाव वाढणार, आणि पंपावर गाड्यांची रांग थेट रस्त्यावर आलेली. मला लांबून एवढंच दिसलं की आमची गाडी आवाज न करता, संथपणे, रांगेच्या बाजूनं आत शिरते आहे आणि अण्णा खिडकीतून अर्धे बाहेर येऊन एसटीच्या आवाजात ओरडताहेत, "सरका! बाजूला व्हा! ब्रेक नाय गाडीला!"

लोक फटाफट बाजूला झाले आणि गाडी बरोब्बर मशीनपुढं जाऊन थांबली. जन्मभर फलाटाला गाडी लावणारा हात तो! पण थांबल्याबरोबर रांग खवळली.

"ओ काका, ब्रेक नाही म्हणे! लाईनीत या!"

"आम्ही काय येडे म्हणून उन्हात उभे हावोत का?"

मी पोचलो तोवर गाडीला माणसांचा वेढा पडला होता. मी धापा टाकत काहीतरी बोलायला गेलो, पण तोंडातून नुसती हवाच येत होती. तेवढ्यात मागचं दार उघडलं आणि संगीता बाहेर आली. केस विस्कटलेले, हातात टोपडं.

"मी आत्या आहे!"

लोक गोंधळले.

"माझ्या भावाला किती वर्षांनी लेक झालीय. उद्या बारसं आहे बंगळूरला. मला विमान गाठायचंय. माझ्याशिवाय तिच्या कानात नाव सांगायला कुणी नाही हो!"

रांगेतल्या एका स्कूटीवरच्या बाई एकदम म्हणाल्या, "अगं बाई! आत्या!" आणि वाराच फिरला. "आत्याबाईला जाऊ द्या!" "अरे, भर रे लवकर!" "विमान किती वाजताचं आहे?" मघाशी सगळ्यात जास्त ओरडणारा माणूस आता दुसऱ्यांना मागं सारत होता. एका आजोबांनी तर विचारलं, "नाव काय ठेवणार, पोरी?"

"ते कानातच सांगायचं असतं, आजोबा," ती म्हणाली आणि सगळी रांग हसली.

पंपावरच्या मुलीनं नळी उचलून माझ्याकडे बघितलं. "कितीचं टाकू?"

आता बघा, माणसाची सवय ही काय चीज आहे! बायकोचं विमान सुटत होतं, सगळी रांग आमच्यासाठी खोळंबली होती, आणि माझ्या तोंडून निघालं, "शंभरचं."

पंपावर इतकं शांत झालं की मशीनची घरघर ऐकू यायला लागली. संगीतानं माझ्याकडे बघितलं. त्या नजरेबद्दल मी काही लिहिणार नाही. "फुल्ल करा," ती म्हणाली.

फुल्ल करायला वेळ लागतो, हे मला माहीत नव्हतं. कधी केलीच नव्हती! टाकी भरली, मी सेल्फ मारला, तरी इंजिन खोकतच राहिलं. "पार कोरडी करून मारलीस तू तिला, आता दम खाऊ दे," अण्णा म्हणाले. संगीतानं मग घड्याळ बघितलं, आकाशाकडे बघितलं, रस्त्यावर जाऊन हात केला. रिक्षा थांबली. (सकाळपासून ती दोनदा म्हणत होती तीच रिक्षा, म्हणजे तशीच.) पठाणभाईंनी डिकीतली बॅग उचलून आत टाकली आणि स्वतःही बसले. रिक्षा मुकुंदवाडीच्या दिशेनं दिसेनाशी झाली, आणि मी भरलेल्या टाकीच्या गाडीत न चालणाऱ्या इंजिनापुढं बसून राहिलो.

गाडी सुरू झाली तेव्हा मी सुसाट निघालो. काचा उघड्या, एसी चालू, सगळं चालू! चिकलठाण्याला विमानतळाच्या वळणावर पोचलो आणि डोक्यावरून विमान गेलं.

"चाललं बग," अण्णा म्हणाले.

त्यात ती होती की नव्हती? फोन लावला, बंद! बंद म्हणजे विमानात बसली, की रडून बंद केला? दारावरचा जवान म्हणाला, तिकीट दाखवा. माझ्याकडे पेट्रोलची पावती होती. मी कुंपणाला धरून उभा राहिलो. सांगायला लाज वाटते, पण डोळे भरून आले. चार थेंब पेट्रोलसाठी मी त्या पोरीचं नाव चुकवलं की काय!

तेवढ्यात पठाणभाईंचा फोन आला. मागं कंपनीतल्या यंत्रांचा खडखडाट. "मास्तर, भाभी गई अंदर! सबसे आखरी में गई, लेकिन गई. मैं काच में से देखा." आणि वर, "मेरेकू लेट का शेरा लगा. वो भी हिसाब में पकडो."

दुसऱ्या दिवशी व्हिडिओ कॉलवर सगळं बारसं बघितलं. पठाणभाईही सहकुटुंब वर आले होते. संगीता पाळण्यावर वाकली, बाळाच्या कानाशी तोंड नेलं, 'कुर्रर्र' झालं आणि रिवाजाप्रमाणे बायकांनी आत्याच्या पाठीत धपाधप बुक्के घातले. ती पाठ चोळत, हसत, डोळे पुसत फोनपाशी आली. "अनघा ठेवलं," ती म्हणाली. "आणि हे बघा, बुक्के मी खाल्लेत, पण ते सगळे तुमच्या नावाचे होते."

मी त्याच संध्याकाळी गॅरेजमध्ये जाऊन वायर जोडून घेतली. पठाणभाईंचं पेट्रोल फेडायला त्यांना गाडी भरून दिली, तर ते काटा बघून म्हणाले, "ये भी नाटक है क्या?" आणि जाताना कमरेनं गाडी हलवली, वाकून मागं कान लावला. आता गल्लीत गाडी नेणारा प्रत्येक जण आधी तसंच करतो.

चार दिवसांनी संगीता परत आली. मी विमान उतरायच्या कितीतरी आधी जाऊन थांबलो होतो. गाडी धुतलेली, एसी चालू, टाकी काठोकाठ. तिनं बॅग डिकीत ठेवली, पुढचं दार उघडलं आणि आत बसण्याआधी वाकून काट्याकडे बघितलं.

"काटा फुल्ल दाखवतोय."

"फुल्लच आहे."

"दिवाही नाही."

"लागणारच नाही! देवाशपथ सांगतो, अगदी खरं आहे. तू माझ्यावर विश्वास ठेव."

तिनं माझ्याकडे नीट बघितलं. मग डिकी उघडून बॅग काढली आणि समोरच्या रिक्षाला हात केला.

मी भरल्या टाकीची गाडी घेऊन, एकाही उतारावर इंजिन बंद न करता, त्या रिक्षाच्या मागं मागं उस्मानपुऱ्यापर्यंत आलो. रिक्षाचं भाडंही मीच दिलं.